इंजिनाचा बोअर वाढवलाय, की नुसतीच कुजबूज?

महोदय,

ऑटोक्रॉसचा (मोकळ्या मैदानावर आखलेल्या वाटेवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा) निकाल लागायचा अवकाश, की 'पहिल्या आलेल्या मारुती जिप्सीचं इंजिन नियम मोडून मोठं केलंय' अशी कुजबूज सुरू होते. बोलणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. पुरावा काय, तर गाडीचा आवाज! फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर बसवला की आवाज वाढतो, सीसी (इंजिनाचं आकारमान) नव्हे.

सीसी तर मोजता येते. जिप्सीच्या १३०० इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ७५.५ मिमी, चार सिलिंडर मिळून साधारण १२९८ सीसी. बोअर एकच मिमी वाढवला तरी आकडा १३३४ वर जातो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं (गरम धातू फुगतो, माप चुकतं), हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायचं, बोअर गेज (आतला व्यास मोजायचं उपकरण) लावायचा. लपण्यासारखं त्यात काही नाही.

शंका असलेल्या स्पर्धकाने निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत, सहीनिशी आणि शुल्क भरून लेखी हरकत घ्यावी. ती मान्य झाली तर शुल्क परत मिळतं. तोवर गाड्या पार्क फर्मेमध्ये, म्हणजे कुणालाही हात लावायला मनाई असलेल्या आवारात, बंदोबस्तात असतात, म्हणून मापाला अर्थ असतो. चार दिवसांनी अफवा उठली, तर इंजिन गॅरेजमध्ये खोललेलं असतं आणि निर्दोष माणसालाही काही सिद्ध करता येत नाही. टायरचा खर्च उचलणारा गावातला प्रायोजक मात्र मागे फिरतो. गाडी बांधणाऱ्या मेकॅनिकचं पुढचं काम जातं.

आयोजकांनी निदान पहिल्या तीन गाड्यांची मापं फलकावर लावावीत. हेड उतरवलं की त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) नवं लागतं, त्याचा खर्च प्रवेशशुल्कात धरावा.

– स्क्रुटिनीचं (शर्यतीच्या गाड्यांच्या तांत्रिक तपासणीचं) काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे