पैसे मोजून मिळालेला पुरस्कार जाहिरातीत तसा सांगितला जावा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. ‘पुरस्कारप्राप्त’, ‘देशातील अव्वल’, ‘सर्वाधिक विश्वासार्ह ब्रँड’ असे दावे सतत हातात येतात. त्यांतल्या काहींच्या मागे परीक्षण झालेलेच नसते, म्हणून हे पत्र.

कंपनीला ईमेल येतो, ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे.’ अर्ज कोणी केलेला नसतो, काम कोणी पाहिलेले नसते. सोबत पॅकेजचा तक्ता असतो: ट्रॉफी, सेलिब्रिटीच्या हस्ते सत्कार, मंचावरचे फोटो, मासिकात मुलाखत आणि ठरावीक काळासाठी लोगो वापरण्याचा परवाना. पैसे भरले नाहीत की निवडही गेली. विभाग तर इतके बारीक पाडतात की स्पर्धक एकच उरतो. मग तोच लोगो शाळेच्या, रुग्णालयाच्या, गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत झळकतो आणि वाचणाऱ्याला वाटते, तज्ज्ञांनी तपासून हा निर्वाळा दिला आहे.

प्रवेश शुल्क घेणारा प्रत्येक पुरस्कार खोटा नसतो, हेही सांगायला हवे. परीक्षकांची नावे आणि निकष जाहीर करणारे पुरस्कार आहेत. परीक्षणाला खर्च येतोच. पण बाजारात दोन्ही ट्रॉफ्या सारख्याच दिसतात. प्रामाणिक कंपनीला वाटू लागते की आपणही एक घेऊन टाकावा. खरोखर मेहनतीने मिळालेल्या पुरस्कारावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. आमच्या व्यवसायाचे याहून मोठे नुकसान मला दिसत नाही.

कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या ‘एंडोर्समेंट’च्या, म्हणजे शिफारशीच्या, व्याख्येत एखाद्या संस्थेचे नाव किंवा शिक्का दाखवून ग्राहकाला ते तिचे मत आहे असे भासवणेही येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा संबंध असेल, तर तो उघड करावा लागतो. इन्फ्लुएन्सरने पैसे घेतले तर ते सांगायचे. मग पैसे घेऊन लोगो देणारी संस्था यातून का सुटावी? ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची संहिता दाव्याचा स्रोत आणि तारीख मागते. तेवढे तर तारांकनाखालच्या बारीक ओळीत लिहिलेले असतेच. संस्थेचे नाव असते, वर्ष असते, पैशांबद्दल अवाक्षर नसते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबाबत स्पष्ट सूचना काढावी, ही माझी मागणी आहे. पुरस्काराच्या दाव्यालगतच, त्याच भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरांत, देणारी संस्था, वर्ष, विभाग आणि पुरस्कारासाठी किंवा लोगोसाठी पैसे दिले का, हे छापणे बंधनकारक करावे. निकष आणि स्पर्धकांची संख्या मागितल्यावर दाखवता आली पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहेच. ती या दाव्यांनाही लावावी. आणि नोटीस काढताना जाहिरातदारापाशी न थांबता पुरस्कार विकणाऱ्या संस्थेलाही जाब विचारावा.

आपली,
एक जाहिरात-लेखिका