यंदाचा देखावा: ॲबिलीनचं ड्रोव्हर्स कॉटेज

सप्रेम नमस्कार.

कॅन्ससमध्ये राहणारे आपण सगळे पाहुण्यांना ॲबिलीनला नेतो, माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं घर दाखवतो आणि जेवायच्या वेळेला परत येतो. हे गाव मुळात नावारूपाला आलं ते मात्र गोचिडीमुळे. हसू नका, यंदाच्या गणेशोत्सवाचा देखावा त्यावरच आहे.

टेक्सासची लांब शिंगांची गुरं उत्तरेकडे हाकली की त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वाटेतल्या गावांत पडत आणि तिथली गुरं पटापट मरत. टेक्सासची जनावरं स्वतः ठणठणीत! गोचीडच रोग पसरवते हे सिद्ध झालं १८९३ मध्ये. त्याआधी मिसुरीतले शेतकरी सरळ बंदुका घेऊन वाट अडवत. पण टेक्सासमध्ये चार डॉलरला पडणारं जनावर उत्तरेत चाळीसपर्यंत जायचं, म्हणजे कुणीतरी वाट काढणारच. इलिनॉयचा गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय याने ती पश्चिमेकडून काढली. ॲबिलीनला तेव्हा डझनभर खोपटी, बहुतेकांवर मातीची छपरं. १८६७ मध्ये तिथे रेल्वेलगत त्याने कोंडवाडे उभारले आणि शेजारी चक्क तीन मजली हॉटेल, तेच हे ड्रोव्हर्स कॉटेज. ५ सप्टेंबरला गुरांनी भरलेले २० डबे घेऊन पहिली गाडी सुटली.

दोन-तीन महिने धूळ खात कळप हाकत आलेला माणूस या हॉटेलात टेकायचा. लू गोर नावाची बाई तिथला कारभार बघायची आणि आजारी पडलेल्यांची शुश्रूषाही करायची. गावचा मार्शल (पोलीसप्रमुख) वाइल्ड बिल हिकॉक याने १८७१ मध्ये गडबडीत स्वतःच्याच मदतनिसाला गोळी घातली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आपल्या देखाव्यात तो नाही, लूबाई आहेत.

पुढे गावालाच धिंगाण्याचा वीट आला. १८७२ मध्ये गावकऱ्यांनी गुरंवाल्यांना 'दुसरीकडे जा' असं जाहीर कळवलं. गुरं गेली, मग हॉटेलचा मोठा भागही सुटा करून रेल्वेने सुमारे ६० मैलांवरच्या एल्सवर्थला नेला. तेव्हा मूळ जागी बघायला काही नाही. अलेक्झांडर गार्डनर यांनी काढलेल्या जुन्या फोटोवरून आपण प्रतिकृती करतोय.

त्यासाठी मदत हवी आहे ती अशी. एकाचं गॅरेज दोन शनिवार-रविवार मोकळं मिळावं. प्लायवूड कापता येणारे दोघे-तिघे हवेत. कोंडवाड्यात भरायला पोळ्याला करतो तसे मातीचे बैल हवेत, निदान शंभर. मुलांना बसवून करून घ्या, शिंगं मात्र लांब काढा. गोचीड तापाबद्दलचा मजकूर एखाद्या पशुवैद्याने नजरेखालून घातला तर बरं होईल.

आणि सांगली, मिरज, शिरोळकडच्या मंडळींना खास विनंती. गोचिडीला पुरून उरणारी 'ब्राह्मण' (Brahman) नावाची गुरांची जात अमेरिकेत तयार झाली ती भारतीय गुरांपासून. गीर, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठचं रक्तही त्यात आहे. घरी कृष्णा व्हॅली बैलांचे जुने फोटो असतील तर स्कॅन करून पाठवा. घुंगरमाळ, कासरा, वेसण असं काही कुणी इकडे आणलेलं असेल तर दहा दिवसांपुरतं द्या, जपून परत करू.

लाकूड, रंग आणि छपाईसाठी वेगळी वर्गणी काढतोय. घरटी २५ डॉलर धरले आहेत. विद्यार्थ्यांकडून पैसे घेणार नाही, त्यांनी रंगकामाला यावं. पावती खजिनदारांकडे मिळेल.