बदामाच्या नावाखाली साखर आणि दारू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बदाम म्हणजे ताकद, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतले पैलवान बदाम घोटलेली थंडाई पीत आले, ते सगळ्या गावानं पाहिलंय. याच विश्वासावर आता 'अमारेत्तो' ही बदामाच्या स्वादाची गोड इटालियन लिक्युअर, म्हणजे साखर घातलेली दारू, पार्ट्यांमधून खपवली जाते आहे. शहरातल्या एका हॉटेलच्या मेन्यूकार्डावर तिच्यापुढे चक्क 'बदामयुक्त, हलकी' असं छापलेलं वाचलं आणि संताप आला.

मुळात अशा बऱ्याच बाटल्यांत बदाम नसतोच. तो स्वाद बहुतेकदा जर्दाळूच्या बियांतल्या गरापासून येतो. बदाम वापरला असला तरी त्यातली प्रथिनं (१०० ग्रॅममागे सुमारे २१ ग्रॅम) आणि तंतू ग्लासात येत नाहीत, येतो तो वास.

आणि हलकी कशी? मद्यार्क २४ ते २८ टक्के. २८ टक्के धरले तर ६० मिलीत सुमारे १३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतो. ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे ९० च्या वर गेल्याच. युरोपच्या नियमानुसार लिक्युअरमध्ये साधारणपणे लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते. एवढ्या गोड पेयात ती दुप्पट धरली, तर आणखी ४८ कॅलरी. दोन्ही मिळून एका लहान भाकरीच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे, पण भाकरीनं पोट तरी भरतं. वरून कोला ओतला की साखर आणखी वाढते, ते वेगळंच.

मला सर्वांत जास्त काळजी मधुमेहींची वाटते. 'गोड आहे, घोटभर घ्या, काही होत नाही' असा आग्रह घरच्या समारंभातही होतो. साखरेनं रक्तशर्करा आधी वाढते. पुढे यकृत मद्यार्क निस्तरण्यात गुंतलं की त्याच्याकडून रक्तात साखर सोडली जाणं मंदावतं. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर मग काही तासांनी, अगदी झोपेतसुद्धा, धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं 'चढली असेल' म्हणून सोडून दिली जातात, आणि तिथंच जिवावर बेततं.

मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तरीही आपल्याकडे दारूच्या बाटलीवर कॅलरी छापण्याची सक्ती नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर साखर किती ते वाचता येतं, हजारोंच्या बाटलीवर नाही. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं साखर आणि कॅलरी दोन्ही छापणं बंधनकारक करावं. हॉटेलवाल्यांनी मेन्यूकार्डावरचे असले पौष्टिक शब्द आजच खोडावेत. आपल्या दैनिकानंही मधुमेह आणि गोड मद्य यांवर एखाद्या डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर