आवाहन : फी आणि छपरापायी कुणाचं कॉलेज सुटू नये

सभासद बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

तेरावीचे प्रवेश तोंडावर आलेत आणि आपल्या समलिंगी व ट्रान्स (जन्मनोंदीतल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेल्या) विद्यार्थ्यांच्या निधीत जेमतेम दोन महिन्यांचे पैसे उरलेत. म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

हा निधी उभा राहिला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बाईंमुळे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा निकाल दिला, त्याच आठवड्यात त्या कार्यालयात आल्या, पेन्शनमधले पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "कोर्टाने सांगितलं की ही पोरं गुन्हेगार नाहीत. आता त्यांच्या शिक्षणाचं कोण बघणार?" पहिली पावती त्यांच्या नावाची. छापखानेवाल्या काकांनी तेव्हापासून एकाही पत्रकाचं बिल लावलेलं नाही. खानावळीच्या मावशींनी महिनोन्‌महिने उधारीवर डबे दिले आणि डबा कुणासाठी, हे कधी विचारलं नाही. महिला समितीने दिवाळीत चकल्या-करंज्या विकून खोलीचं डिपॉझिट भरलं. त्या भगिनींचं ऋण फिटणारं नाही. आपल्या निधीतून शिकलेली एक मुलगी आज बँकेत आहे. पहिल्या पगारातून तिने निधीला पैसे आणून दिले तेव्हा आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले.

पण गरज वाढतेच आहे. गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीहून एक मुलगा आला. घरी कळलं आणि वडिलांनी दार लावून घेतलं. निघताना त्याने कपडे घेतले नव्हते, मार्कशीटांची फाइल तेवढी उचलली होती, प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून. असं पोर सहसा नापास होऊन कॉलेज सोडत नाही. फी भरणारं कुणी उरत नाही, झोपायला जागा नसते, म्हणून सोडतं. ट्रान्स मुलींचं आणखी अवघड. बारावीच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव, होस्टेलमध्ये मुलांची बाजू की मुलींची हा प्रश्न, आणि खिडकीवरचा क्लार्क भर रांगेत जुन्या नावाने हाक मारतो. राजपत्रात नाव बदलायलाही पैसे आणि हेलपाटे लागतात.

पवईच्या आयआयटीत २०११ पासून 'साथी' हा अशाच विद्यार्थ्यांचा गट आहे, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. पण कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्या बी.कॉम.च्या मुलाला असा गट कुठला? विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि ट्रान्स ओळख यांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला. तक्रार करता येते. मात्र तक्रार लिहायला जवळ बसणारं माणूस लागतं, ते काम आपले कार्यकर्ते नोकऱ्या सांभाळून करतात.

मनातलं बोलते. गेल्या वर्षीचं आवाहन पुष्कळांनी वाचलं, ग्रुपवर हात जोडल्याची चित्रंही आली, पावत्या मात्र मोजक्याच फाटल्या. गणपतीची वर्गणी आपल्या वाडीत एका संध्याकाळी जमते, ती जमावीच. या मुलांसाठी दार वाजवलं की "बघू नंतर" ऐकावं लागतं, याचं वाईट वाटतं. काहींनी तर विषय निघताच दार लोटून घेतलं. तीही आपलीच माणसं आहेत, म्हणून पुन्हा येणार आहोत.

एका विद्यार्थ्याची महिन्याची खानावळ साधारण ३,५०० रुपये. त्याशिवाय फी, खोलीभाडं, रेल्वेचा पास, राजपत्राचा खर्च. रक्कम कितीही चालेल, जूनअखेर हवी. चेक मंडळाच्या नावे, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, रविवारी बंद. भाड्याने खोली देऊ शकणारे घरमालक, समुपदेशक आणि वकील यांनी कृपया आधी भेटावं, त्यांची निकड पैशांइतकीच आहे. जुने लॅपटॉप चालू स्थितीत असतील तरच आणावेत. विद्यार्थ्यांची नावं कुणालाही, देणगीदारांनाही, सांगितली जात नाहीत. कृपया विचारू नयेत.

आपली,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)