सेन्सरची बॅटरी संपते, स्टेपनीची सूट मात्र कायम

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत टायरच्या निगेवर आलेला लेख उपयुक्त होता. गुळगुळीत टायरच्या गाड्या समृद्धी महामार्गाच्या तोंडावरून परत फिरवाव्या लागतात, तेव्हा असं लिहिलं जायलाच हवं. त्यातलं एक वाक्य मात्र खटकलं. गाडीत टीपीएमएस, म्हणजे टायरमधला दाब मोजून हवा कमी झाली की इशारा देणारी यंत्रणा, असेल तर हवेची काळजी नको, अशा अर्थाचं ते होतं. नव्या गाडीपुरतं ठीक. गाडीचं वय झालं की त्या टीपीएमएसचीच काळजी करावी लागते.

माझी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये गेली. प्रेशर गेज आणि सेन्सर हाच धंदा. निवृत्तीनंतर २००९ सालची दोन सीटची जर्मन स्पोर्ट्स कार मुंबईहून जुनी घेतली. घरच्यांच्या मते ग्रॅच्युइटीची माती केली. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आयात गाडी म्हणून नोंदणी नूतनीकरणाचे ४०,००० रुपये भरले, तेव्हा तर घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. असो.

गेल्या थंडीत डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लागू लागला. गंमत म्हणजे सकाळी मागच्या डाव्या चाकाचा आकडाच गायब असायचा आणि दुपारी ऊन चढलं की परत यायचा. हवा तपासली तर चारही चाकांत बरोबर. चाकातल्या दाबाच्या सेन्सरमधला जुना लिथियम सेल थंडीत दम टाकतो, त्याचं हे लक्षण. पुढे तो आकडा दुपारीही दिसेना, मग दुसऱ्या चाकाचा गेला. चारही सेन्सर एकाच वयाचे, मागेपुढे सगळेच जाणार होते.

दिव्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दिवा लागला आणि स्थिर राहिला तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा संबंध नाही, यंत्रणाच बिघडली आहे. बहुतेक गाड्यांत असंच असतं. मिनिटभर नजर ठेवली तर गाडी पंक्चरवाल्याकडे न्यायची की सेन्सर बघायचे, हे घरीच कळतं.

हा सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी रिमला बसवलेला असतो. वजन साधारण ३५ ग्रॅम. आत दाब मोजणारी चिप, छोटा रेडिओ ट्रान्समीटर आणि नाण्याएवढा सेल. चाक फिरू लागलं की तो जागा होतो आणि स्वतःच्या ओळख क्रमांकासह दाबाचा आकडा गाडीला कळवत राहतो. सेल ७ ते १० वर्षं जातो. मग नवा सेल टाकावा, तर सगळं रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं. जुन्या सेलसकट अख्खा सेन्सर कचऱ्यात.

यात कंपन्यांची निव्वळ लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या १८ इंची रिमवर ताशी १२० किलोमीटर वेगात हा ३५ ग्रॅमचा तुकडा साधारण ८ किलोच्या ओढीने बाहेर खेचला जातो. वर ब्रेकची उष्णता आणि टायरमधला दमटपणा. सेल बदलायचं झाकण तिथे टिकणं अवघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जो भाग ठरावीक वर्षांनी मरणारच, त्याचं आयुष्य माझ्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत कुठेच दिलेलं नाही. ऑइल, ब्रेक ऑइल, प्लग सगळ्यांच्या मुदती आहेत, याची नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने चार सेन्सर, बसवणं आणि कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद बदलणं) यांचा जो आकडा सांगितला, त्यात चांगली जुनी मोटरसायकल आली असती. शिवाय माल परदेशातून येईल, दीड-दोन महिने थांबा. दुसऱ्या एका दुकानात सांगितलं, ‘साहेब, कशाला खर्चात पडताय? कोडिंगमधून दिवाच बंद करून देतो.’ असं करून घेतलेल्या गाड्या कमी नसाव्यात. पुढे गाडी विकली की नव्या मालकाला दिवा दिसत नाही, म्हणजे सगळं आलबेल, असंच वाटणार.

एका परिचितांनी न्यू जर्सीतल्या भाच्याकडून चार सेन्सर मागवले. दिसायला हुबेहूब, आतला रेडिओ मात्र ३१५ मेगाहर्ट्झचा. अमेरिकेत बहुतेक तोच चालतो. युरोपातल्या आणि आपल्याकडे येणाऱ्या गाड्या ४३३ मेगाहर्ट्झवर ऐकतात. चारही चाकं उघडून, बसवून, बॅलन्सिंग करून झाल्यावर हे कळलं. मागवण्याआधी जुन्या सेन्सरवर छापलेला आकडा बघावा.

माझं काम शेवटी उद्यमनगरातल्या एका टायरवाल्याने केलं. बाजारात कोरे सेन्सर मिळतात, त्यांत हवा तो ओळख क्रमांक भरता येतो. त्याच्याकडच्या हातातल्या यंत्राने जुन्या सेन्सरचे क्रमांक वाचले आणि तेच नव्यांत उतरवले. गाडीला बदल झाल्याचा पत्ताच लागला नाही, कोडिंगची गरज पडली नाही. कंपनीच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्यात भागलं. फक्त जुन्या सेन्सरमध्ये धुगधुगी असताना हे करून घ्यावं. तो पुरता मेला की यंत्राला उत्तर देत नाही, मग क्रमांक गाडीच्या कॉम्प्युटरमधून काढण्याचा खटाटोप होतो.

टायर बदलताना सेन्सरही बदलावेत, कारण रिमवरून टायर उतरवायची मजुरी दोनदा कशाला द्यायची? अशा गाड्या फिरतात कमी, टायर झिजण्याआधी वयानेच कडक होतात, त्यामुळे दोन्हींचं वेळापत्रक बऱ्यापैकी जुळतं. आणि पंक्चरवाल्याला ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू देऊ नका. आमच्याकडच्या पावसाळ्यात ती आत गंजून बसते, जोर लावला की व्हॉल्व्ह तुटतो आणि चांगला सेन्सर वाया जातो. निकेलचा मुलामा दिलेली पिन मागावी.

‘इतकी वर्षं आम्ही टायरला लाथ मारून हवा बघत आलो,’ असं काही जण म्हणतील. अॅम्बॅसेडरच्या टायरला ते चालत होतं. माझ्या गाडीचा मागचा टायर ४० प्रोफाइलचा, बाजूची भिंत आखूड आणि ताठ. ३६ पीएसआयचे २५ झाले तरी नजरेला काही कळत नाही. कळतं ते करूळ घाटातल्या वळणावर, गाडीची मागची बाजू बाहेर जायला लागते तेव्हा.

ही यंत्रणा सक्तीची झाली ती जीव गेल्यावर. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर फुटून गाड्या उलटल्या, लाखो टायर परत मागवावे लागले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टीपीएमएस आलं. मात्र तिथला नियमही दाब २५ टक्के उतरल्यावर इशारा द्या, इतकंच मागतो. ३६ चा हिशेब केला तर २७ पर्यंत दिवा गप्प राहू शकतो. म्हणून सेन्सर ठणठणीत असतानाही मी महिन्यातून एकदा सकाळी, गाडी न हलवता, साध्या गेजने दाब बघतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो माझ्या हौसेच्या गाडीपुरता नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल करून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना एक सवलत दिली. टायर ट्यूबलेस, सोबत दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. ही सवलत सेन्सर जिवंत आहेत असं गृहीत धरून दिलेली आहे. पण असे सेन्सर असलेल्या गाडीत ते मरतील तेव्हा काय? तिच्यात पंक्चरचा इशाराही नसेल आणि बदलायला चाकही नसेल. माझ्या गाडीत मुळातच स्टेपनी नाही, पंक्चर बुजवणाऱ्या सीलंटची बाटली आणि छोटा पंप आहे. त्या सीलंटनेही सेन्सरचं भोक बुजू शकतं, हे वर आणखी.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०१२ पासून रस्त्यावर आलेल्या गाडीत हा दिवा बिघाड दाखवत असेल तर वार्षिक तपासणीत ती नापास होते. आपल्याकडे एकदम इतकं करा असं मी म्हणत नाही. निदान सेन्सरचं अंदाजे आयुष्य आणि फ्रिक्वेन्सी पुस्तिकेत छापणं कंपन्यांना बंधनकारक करावं. आणि १५ वर्षांनी नूतनीकरणाच्या तपासणीला आलेल्या गाडीत हा दिवा लुकलुकत असेल, तर मालकाने सेन्सर बदलावेत किंवा स्टेपनी बाळगावी, अशी अट घालावी. ती पाळली आहे का, हे बघायला निरीक्षकाला डिकी उघडण्याइतकाच वेळ लागेल.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, कोल्हापूर