राबाईच्या रस्त्यावरील शाळा : मोंबासाहून बाबांना पत्र

मोंबासा, केनिया
जून 2025

तीर्थरूप बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मी येथे ज्या शाळेत गणिताच्या तासांना मदत करायला जाते ती मिशनची शाळा आहे हे कळल्यापासून ती चालवतो कोण, आणि तेथे मुलांना शिकवतात की धर्मात ओढतात, असे दोन प्रश्न तुमच्या मनात घोळत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. हयातभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेल्या माणसाने हेच विचारावे हे रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन ते उरकणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शाळा मोंबासाहून राबाई या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. जमीन अँग्लिकन चर्चची, फाटकावर क्रूस, परंतु शाळा सरकारी. स्वातंत्र्यापूर्वी केनियातील आफ्रिकन मुलांच्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांनीच काढलेल्या होत्या. 1963 साली देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने त्यांचा कारभार हाती घेतला आणि ज्या चर्चने शाळा काढली तिच्याकडे 'स्पॉन्सर' हा मान ठेवला. 2013 च्या शिक्षण कायद्यातही तो कायम आहे. शिक्षकांची नेमणूक आणि पगार टीचर्स सर्व्हिस कमिशन ही सरकारी संस्था करते, अभ्यासक्रम सरकार ठरवते, तर चर्चचे प्रतिनिधी व्यवस्थापन मंडळावर बसतात आणि मुलांच्या आध्यात्मिक जडणघडणीकडे पाहतात. आपल्याकडील खासगी अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा, मात्र तेथील संस्थाचालकांना शिक्षक नेमण्याचा अधिकार नाही अशी कल्पना करा. हा फरक किती मोठा आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

पैशाची ओढाताण मात्र कायमची आहे. 2003 साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि वर्ग भरून वाहू लागले. सरकार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,420 शिलिंग देते, म्हणजे आपले नऊशे-साडेनऊशे रुपये, आणि तेही बहुधा उशिराने येतात. खडू, फळ्याचा रंग, विजेचे बिल, छपराचा गळणारा पत्रा हे सगळे त्यातच भागवायचे. सातवी ते नववीच्या वर्गांना अनुदान बरेच अधिक आहे. पण नव्या पद्धतीत हे वर्ग प्राथमिक शाळेच्याच आवारात भरत असल्याने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा उभी करायची कोठे, हा प्रश्न सुटलेला नाही. आमच्या शाळेत विज्ञानाचे प्रयोग चर्चच्या जुन्या सभागृहात होतात. रविवारी त्याच बाकांवर प्रार्थनेला माणसे बसतात, म्हणून शनिवारी मुले परीक्षानळ्या धुऊन पेटीत ठेवतात आणि बाके पुसून घेतात.

सकाळचा परिपाठ आपल्यासारखाच असतो. सोमवारी आणि शुक्रवारी झेंडा चढतो, मुले स्वाहिलीत राष्ट्रगीत म्हणतात, मग एक भजन आणि बायबलमधील एक उतारा. तो उतारा शिक्षक नव्हे, तर पाळीपाळीने मुले वाचतात आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगतात. घरी राबाई ही येथील बोली बोलणारे, शाळेत येईपर्यंत इंग्रजी फारसे कानावर न पडलेले मूल चारशे मुलांसमोर उभे राहून न अडखळता चार वाक्ये बोलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. येथील नियमाप्रमाणे तिसरीपर्यंत परिसराच्या भाषेत शिकवायचे आणि चौथीपासून इंग्रजीत, असे ठरलेले आहे. पुष्कळ शाळा पालकांच्या आग्रहाखातर पहिलीपासूनच इंग्रजी सुरू करतात, आणि मुले पाठ करतात ते समजून न घेताच. आमच्या मुख्याध्यापिका मात्र हा नियम पाळण्याबाबत ठाम आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे असे माझे मत आहे.

या शाळेचे शिक्षण खरोखर कशात आहे हे मला स्वयंपाकघराच्या वहीवरून कळले. दुपारी मुलांना गिथेरी मिळते, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. मोठमोठी सुफुरिया, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, लाकडाच्या चुलीवर पहाटेपासून चढलेली असतात. कोठाराची वही पूर्वी एक शिक्षक ठेवत असत. आता ती आठवीच्या वर्गाकडे आहे. दर मुलामागे 150 ग्रॅम मका आणि 40 ग्रॅम घेवडा हे प्रमाण ठरलेले. रोज सकाळी दोन मुले वर्गावर्गांत फिरून हजेरी घेतात, तिसरे मूल गुणाकार करते, चौथे ताणकाट्यावर वजन करून देते, आणि आठवड्याच्या शेवटी शिल्लक पोत्यांशी हिशेब जुळतो की नाही ते सगळ्या वर्गासमोर पडताळले जाते. गुणोत्तर आणि प्रमाण मी फळ्यावर शिकवले तेव्हा निम्मा वर्ग गप्प होता. वहीतील आकडे घेऊन तेच शिकवले तेव्हा एका मुलीने मला थांबवून विचारले की पावसाच्या दिवशी हजेरी कमी असते, मग शुक्रवारी उरणारा मका सोमवारच्या हिशेबात धरायचा की वेगळा दाखवायचा. बाबा, असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या हाती पुढे एखाद्या संस्थेचा हिशेब निर्धास्तपणे सोपवता येईल. चोरी करू नये हे या मुलांना परिपाठात सांगितलेलेच असते. पण ज्याच्या हाती कोठाराची किल्ली दिली आहे आणि ज्याची वही सगळ्यांसमोर वाचली जाते, त्याला ते वेगळ्या तऱ्हेने कळते. धर्माचा उपदेश आणि रोजचे काम यांची ही सांगड मला या शाळेचे सर्वांत मोठे बळ वाटते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. केनियाच्या अभ्यासक्रमात धर्मशिक्षण हा रीतसर विषय आहे. त्यात ख्रिस्ती, इस्लामी आणि हिंदू अशा तीन वेगवेगळ्या पाठ्यक्रमांची सोय आहे. किनारपट्टीवर मुसलमान वस्ती मोठी असल्याने आमच्या शाळेतही बरीच मुसलमान मुले आहेत. धर्माच्या तासाला ती आंब्याच्या झाडाखाली जमतात आणि शेजारच्या मदरशातील उस्ताद येऊन त्यांना शिकवतात. मुली डोक्यावर पांढरा रुमाल बांधून येतात, त्यास कोणी हरकत घेत नाही. सर्वत्र असे नाही. इसिओलो येथील मेथॉडिस्ट चर्चच्या एका शाळेतील रुमालाचा वाद थेट न्यायालयात गेला. 2016 साली अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. आमच्या शाळेत धर्म बदलण्यासाठी कोणावर दबाव आणल्याचे मी पाहिलेले नाही. परंतु वातावरण चर्चचे आहे, भजन सगळ्यांच्या कानांवर पडते, आणि लहान मुलाला त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे, हेही मी नाकारणार नाही. महात्मा फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांनी आपला मार्ग आपणच काढला, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेले आहे.

पटत नाहीत अशा गोष्टीही आहेत. एका पाहुण्या प्रवचनकारांनी परिपाठात सांगितले की श्रद्धा दृढ असेल तर दारिद्र्य आपोआप दूर होते. ज्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल की नाही याची खात्री नसते अशा मुलांना हे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि तसे मी मुख्याध्यापिकांना स्पष्ट बोलले. छडीला 2001 पासून कायद्याने बंदी आहे, तरी जवळपासच्या काही शाळांत ती अजून कोपऱ्यात उभी असते. जेवणाचे किंवा परीक्षेचे पैसे भरले नाहीत म्हणून मुलाला घरी पाठवण्याची रीत याहून वाईट, कारण घरी गेलेले मूल कित्येकदा आठवडाभर परतत नाही आणि तेवढ्यात वर्ग पुढे निघून जातो. आमच्या शाळेत अशा पालकांकडून पैशाऐवजी सरपण किंवा मका घेतात. सर्वांनी हे करायला हवे.

आता एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी. गेल्या महिन्यात सातवीच्या मुलांना स्थानिक इतिहास शिकवताना मुख्याध्यापिकांनी फळ्यावर 'नाशिक' लिहिले आणि मी चमकलेच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रातील गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतील कित्येकांना चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील अँग्लिकन मिशनने आपल्या नाशिकच्या शरणपुरात ठेवून लिहायला, वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम करायला शिकवले. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1873 साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर लेख कोरणारा जेकब वेनराइट हा याच शाळेत शिकलेला. पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावाने मोंबासाजवळ फ्रेअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली, तेव्हा तिची उभारणी करायला नाशिकच्याच मिशनचे विल्यम सॉल्टर प्राइस आले, आणि राबाई व फ्रेअरटाउन येथे शिक्षक आणि धर्मोपदेशक म्हणून काम केले ते तुमच्या-माझ्या गावी शिकलेल्या आफ्रिकन माणसांनी. येथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. त्यांच्यातील विल्यम जोन्स यांना 1885 साली पूर्व आफ्रिकेचे अँग्लिकन बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांची हत्या झाल्यावर उरलेला काफिला जोन्स यांनीच परत आणला. माझे सगळे बालपण शरणपूर रस्त्यावरून सायकलने जाण्यात गेले, पण हे मला कोणी सांगितले नव्हते.

मुलांनी आता राबाईच्या इतिहासाची एक भित्तिपत्रिका करायला घेतली आहे, आणि तिच्यात शरणपूरचे एक छायाचित्र असावे असा त्यांचा हट्ट आहे. पाऊस जोर धरण्यापूर्वी एखाद्या सकाळी तुम्ही तिकडे जाऊन चर्चची इमारत आणि जुन्या वसाहतीच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत आणि दादाकरवी मला पाठवावीत. तेथील वयस्क मंडळींशी बोलणे झालेच, तर त्यांना आफ्रिकन मुलांविषयी काही ऐकीव माहिती आहे का, तेही विचारावे आणि जसे सांगतील तसे लिहून काढावे. सत्र ऑगस्टच्या आरंभी संपते, त्याआधी मिळाले तर मुलांना उपयोगी पडेल.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तिच्या गुडघ्याविषयी डॉक्टर काय म्हणाले ते कळवावे. चिमुकलीला अनेक आशीर्वाद.

तुमची लेक