बाबांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

मस्कत, शुक्रवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलं की तू सगळ्याला "हो गं ताई" म्हणतोस आणि निम्मं विसरतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय. रविवारी तू म्हापशाला जाणारच आहेस, तर त्याच फेरीत बाबांच्या कॉम्प्युटरचं काम उरकून टाक. "मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या" असं दुकानातून ऐकल्यापासून बाबा धुमसताहेत. आई म्हणते, जेवणातसुद्धा लक्ष नाही. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीला, काही झालेलं नाही. पन्नासेक रुपयांत मिळणारा बटण सेल संपलाय, एवढंच.

इथे बसून हे कशावरून म्हणते, तर बाबांना मी नीट खोदून विचारलं. सकाळी चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, एफ१ दाबल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आणि तारीख दाखवतो १ जानेवारी २०१६. लक्षात आलं तर बाबा ती दुरुस्त करतात. मग संध्याकाळपर्यंत घड्याळ मिनिटभरही चुकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा २०१६. दिवसा बरोबर आणि रात्रीतून गायब, म्हणजे सेलच. (वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असती, तर मी टाइम झोनवर संशय घेतला असता, किंवा कुणी त्यात विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून ठेवलीय का ते विचारलं असतं. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज भारतातली, आणि मग दोघांची ओढाताण.)

बोर्डावर एक छोटं क्वार्ट्झ घड्याळ असतं, सेकंदाला ३२,७६८ ठोके मोजणारं. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही त्याला एसएमपीएसमधून (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वीज मिळत राहते. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. आता बाबांची सवय तुला ठाऊक आहे. झोपण्याआधी गॅसचा नॉब, मागचं दार आणि कॉम्प्युटरचं बटण, या क्रमाने फेरी. जूनमध्ये गडगडायला लागलं की प्लगच उपटून ठेवायचा. ते योग्यच आहे, विजेचा भरवसा नाही, त्यात त्यांना टोकू नकोस. पण २०१७ साली घेतलेला कॉम्प्युटर इतकी वर्षं एकाच सेलवर रात्र काढतोय, त्याने आणखी किती तग धरायचा?

बाबांचं खरं दुःख वेगळंच आहे. देवळाच्या उत्सवात यंदा जे नाटक बसवताहेत, त्याच्या नकला ते टाइप करताहेत. दुसरा अंक पूर्ण केला आणि तो "गेला" म्हणे. गेला कुठेच नसणार. फोल्डर तारखेप्रमाणे लावलेलं आहे, सगळ्यात नवीन वर. परवा लिहिलेल्या फाइलवर २०१६ चा शिक्का बसलाय, म्हणून ती पार तळाशी जाऊन पडली असेल. फोल्डर नावाप्रमाणे लावून दे, सापडेल. मात्र त्याआधी पेनड्राइव्हवर काही कॉपी करू नकोस. "जुन्या फाइलवर नवी लिहू का" असं विचारेल तेव्हा त्या तारखांवर विसंबलास, तर चांगला अंक पुसून कच्चा ठेवशील.

वर्तमानपत्राची साइट उघडत नाही, तेही याच्यामुळेच. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेलं नाही. आणि विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेईल या आशेवरही राहू नकोस. घरच्या कॉम्प्युटरवर फरक १५ तासांच्या वर असला की ते आपणहून दुरुस्ती करत नाही.

सेल कुडाळहूनच ने. रविवारी म्हापशातली बरीच दुकानं बंद सापडतील. सीआर २०३२ माग, ३ व्होल्टचा. पहिले दोन आकडे म्हणजे २० मिलिमीटर व्यास, पुढचे म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ दिला आणि "चालतो" म्हणाला तर घेऊ नकोस, तो पातळ असतो, खोबणीत सैल बसतो.

उघडण्याआधी एक काम आवर्जून कर. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा (नाही उघडलं तर एफ२) आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ. साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) काय आहे, एएचसीआय की आयडीई, ते मुख्य. सेल काढल्यावर हे मूळ पदावर जाऊ शकतं, आणि मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. मग बाबा म्हणतील, होता तेवढाही बिघडवलास.

नंतर प्लग काढ आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर, उरलीसुरली वीज जाऊ दे. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून घे, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. बाजूचा पत्रा काढलास की सेल लगेच दिसेल, रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत. कडेची पत्र्याची जीभ बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच मागे ढकललीस की तो आपोआप वर येतो. जोर लावू नकोस, ती जीभ तुटली तर मात्र दुकानदार खरा ठरेल. खोबणीत हिरवट-पांढरं काही धरलंय का बघ. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत धरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पूस आणि पूर्ण सुकू दे. नवा सेल कडांना धरून बसव, अधिकची खूण वर.

चिमीला सोबत नेणार असशील तर जुना सेल क्षणभरही टेबलावर ठेवू नकोस. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून थेट खिशात. या आकाराचा लिथियम सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत गंभीर भाजतं, "संपलेला" सेलसुद्धा. नव्याचं पाकीट फोडतानाही ती जवळ नको.

मग बायोसमध्ये तारीख-वेळ घाल, फोटो बघून बाकीचं जुळव, सेव्ह करून बाहेर पड. लगेच "झालं" म्हणू नकोस. बटण बंद करून प्लग काढ, जेव, आईने केलेलं हुमण तब्येतीत खा, आणि निघण्याआधी पुन्हा चालू करून बघ. वेळ टिकली असेल तर संपलं काम. नसेल, तर सेलच्या आसपास तीन पिनांवर एक इवलंसं टोपण असेल, जवळ "क्लिअर सीमॉस" (बायोसच्या सेटिंग्ज पुसा) अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं. ते चुकून पुसायच्या जागेवर बसवलेलं असेल तर सेल कितीही नवा घाल, उपयोग नाही. त्याचा फोटो मला पाठव, मी सांगते कुठे सरकवायचं. तेही ठीक असेल तरच बोर्डाचा विचार करू, आणि त्याचे पैसे मी पाठवीन. बाबांना तोवर दुकानात जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई